गोपनीयता अधिकारी, वेळ चार ते पाच

पुणे, ९ सप्टेंबर २०१२

जयाताईले,
जय भीम.

फोन तू उचलत नाही, ईमेलले उत्तर देत नाही, म्हणून कागदावर आलो. पाकिटावरचं अक्षर पाहून फेकून नोको देऊ. कामाचंच पत्र आहे.

आमच्या कंपनीले एका कपड्याच्या दुकानाची वेबसाइट बनवायची आहे. साहेब म्हणे, धम्मदीप, खाली ते गोपनीयतेचं पान लागते, कुठूनही उचल आन् चिकटव, कोण वाचते? मी हाव म्हटलं, जाग्यावर येऊन बसलो आन् एकदम तूच दिसली. चष्मा नाकावर, हातात लाल पेन, आन् म्हणून राह्यली, "दीपू, हे तुनं लिहिलं ना? मंग करा लागन."

२००७ चा उन्हाळा होता तो. नेरच्या बसस्टँडसमोर तुहा कॉम्प्युटर क्लास, तिथं आपण 'कापूसघर' सुरू केलं. कापूसवाल्या घरच्या बायामाणसांनी काही विचारावं, शेतीच्या कॉलेजातले एक मास्तर आन् यवतमाळचे एक डॉक्टर, यांनी फुकटात उत्तर द्यावं, एवढीच ती वेबसाइट. डोकं तुहं, हात माहे. गोपनीयतेचं पान मी कोणत्या तरी परदेशी साइटवरून उचललं, दोन तासांत मराठी केलं आन् बारीक अक्षरात खाली टाकून दिलं. मले वाटलं, झालं.

तुनं ते छापून काढलं आन् भाकरी टाकता टाकता वाचलं. अरे बाप्पा, काय फजिती झालती माही! वाद झाला तं कॅलिफोर्नियाच्या कोर्टात निकाल लागन, असं एक कलम तसंच राहून गेलतं. "तांड्यावरची सुखीबाई कॅलिफोर्नियाले कोणत्या यष्टीनं जाईन रे?" असं म्हणून तुनं तिथं 'नेर' लिहिलं. पाचव्या कलमात होतं, शंका असल्यास आमच्या गोपनीयता अधिकाऱ्याले भेटा. "कोण आहे हा?" तुनं विचारलं. मी म्हटलं, कोणीच नाही ताई, असं लिहा लागते. "लिहा लागते तं माणूस ठेवा लागते."

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी. गोपनीयता अधिकारी, वेळ दुपारी चार ते पाच. आन् खुर्चीवर तूच! बाजूच्या टायरवाल्या मन्सूरभाईनं तेव्हापासून तुहं नाव 'अधिकारीबाई' पाडलं. आपल्याकडच्या बायाइले कुठं टायपिंग येत होतं, त्या सांगत आन् तू टाइप करे. पण त्याच्या आधी तू भिंतीवरचं पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवे आन् विचारे, "कबूल?" बाई हाव म्हणे तेव्हाच कीबोर्डले हात लावे. बस सुटून जाये लोकायची, पण तुहं एक कलम सुटत नव्हतं.

सुखीबाईचं ते आठवते? तिनं मधातच थांबवलं. "हे कुकी काय होय वं?" मी हसलो. तू नाही हसली. तिच्याच बोलीत आई म्हणून तू म्हणे, "याडी, तू पुढच्या वेळी आली तं वळखू यावी म्हणून हे मशीन तुह्या ओढणीले एक गाठ बांधून ठेवते." सुखीबाई म्हणे, "मले न इचारता?" "हाव." "मंग सोड माही." तुनं माह्याकडं पाहिलं. चार दिवस डोकं खाजवून मी 'गाठ सोडा' असं एक बटण बनवलं. इथं पुण्यात मोठ्या पगाराचे इंजिनेर आहेत, ताई, पण त्यायच्यापैकी एकानंही सुखीबाईसारखा प्रश्न विचारला नाही. आन् तुह्यासारखं कोणी उत्तर दिलं नसतं.

तं ते पान पाठव. मले उचलून चिकटवायचं नाही आहे, तसंच बनवायचं आहे.

आईच्या स्मृतिदिनाले, २५ नोव्हेंबरले, घरी यावं म्हणतो. पाहू, सुट्टी भेटली तं.

तुहा,
दीपू


पुणे, ३० सप्टेंबर २०१२

ताई,
जय भीम.

तीन आठवडे झाले. पत्र भेटलं असन, कारण पोस्टमन तुह्याच क्लासात पाणी प्यायले थांबते. म्हणजे तू मुद्दामच गप आहे. राहा. मीच बोलतो.

साहेबाले मी म्हटलं, पान आपणच लिहू, आन् जे लिहू ते करू. तो म्हणे, करू म्हणजे? मंग त्याले तुह्या गोष्टी सांगितल्या. नाव नाही घेतलं. आमच्या गावची एक बाई, एवढंच म्हटलं.

त्या पांढऱ्या गाड्यांचं सांगितलं. कापसाचे वाईट दिवस होते आन् यवतमाळचं नाव दर आठवड्याले टीव्हीवर. कोणी बियाणंवाला, कोणी पेपरवाला, कोणी मदतवाला, समद्यायले एकच पाहिजे. यादी. कोणत्या घरात काय दुःख आहे याची यादी. आन् ती अख्ख्या तालुक्यात तुह्या एका कॉम्प्युटरात होती. नाव, गाव, फोन, घरी कोण आजारी, सगळं. बियाण्याचा तो माणूस आठवते, नवा कॉम्प्युटर डिक्कीत घेऊन आलता? तू म्हणे, "बसा साहेब. पाणी घ्या. यादी नाही." तो म्हणे, यादी नाही म्हणजे, समोर तं दिसून राह्यली. "दिसते ती माही नाही. ज्याची त्याले विचारा." त्यानं विचारलं, कोणाकोणाले विचारू, नावं तं सांगा! मन्सूरभाई पंक्चर सोडून दाराशी आलते आन् त्यायले हसू आवरत नव्हतं.

आपला तो कॉम्प्युटर उन्हात बंद पडे. त्याच्यावर ओला टॉवेल टाकून पंखा लावा लागे. तरी तुनं डिक्कीतल्या खोक्याकडं पाहिलं नाही. मी पाहिलं. लय वेळ पाहिलं, आता सांगतो.

तेव्हा मले तू अडाणी वाटली, ताई. आपल्याकडं त्या वर्षांत यादीत नाव येणं म्हणजे चांगलंच, असं मले वाटे. यादीत आलं तं मदत येते, नाही आलं तं कोणी कुत्रं विचारत नाही. लहानपणापासून आपण तेच पाहिलं ना? बाबा यादीत नाव पाहाले तहसीलच्या भिंतीशी उभे राहत. म्हणून जे झालं ते झालं. मुंबईची ती मदतवाली संस्था चांगलीच होती. माहिती त्यायच्याकडं गेली, पण गेली ती चांगल्यासाठीच. कौसल्याबाईचं तसं होईन हे कोणाले माहीत होतं?

तुहा,
दीपू


पुणे, २१ ऑक्टोबर २०१२

ताई,

मागचं पत्र टाकलं आन् तीन दिवस जेवण गोड लागलं नाही. "माहिती गेली" असं लिहिलं मी. जशी काही तिले पाय फुटले. तुह्या लाल पेनानं तू पहिले तोच शब्द खोडला असता. खोडतो. माहिती मी दिली.

पूर्ण सांगतो. २००८ च्या ऑक्टोबरात मी यवतमाळले त्या संस्थेच्या बैठकीले गेलतो. तुले सांगितलं, प्रिंटरची शाई आणाले जातो. तिथल्या साहेबानं मले पहिल्या ओळीत बसवलं. आपल्याले कोणी पहिल्या ओळीत बसवलं होतं काय कधी? त्यानं विचारलं, तुमच्या संपर्कात किती घरं आहेत? मी छाती फुगवून म्हटलं, चौसष्ट. पुढच्या आठवड्यात पेनड्राइव्हवर चौसष्ट घरं नेऊन दिली. तू चार ते पाचच्या खुर्चीवर होती, तेव्हाच कॉपी केली. तू माह्याकडं पाठ करून सुखीबाईच्या सुनेले पान वाचून दाखवत होती.

कौसल्याबाई तुह्याकडं कशी आलती ते मले माहीत आहे, कारण मी मागच्या टेबलावर होतो. तिचा नवरा बोलणं सोडून बसला होता. दिवसदिवस विहिरीकडं तोंड करून बसे, वावरात पऱ्हाटी फुटून चाललेली, आन् हा उठे नाही. सगळी वेचणी, सगळा व्यवहार ती एकटी करे आन् गावाले सांगे, त्याची कंबर धरली. पोरीची सोयरीक जुळत आलती. तुनं डॉक्टरले विचारलं, उत्तर आलं, आन् ती गावाले 'पोरीच्या लग्नाचे कपडे घ्यायले जातो' सांगून नवऱ्याले यवतमाळले नेऊ लागली. गोळ्या लागू पडल्या. दिवाळीत तो माणूस आपणहून बैल धुवाले उठला. हे सांगाले ती मुद्दाम आलती आन् बोलता बोलता रडली. तू पण रडली, मी पाहिलं.

आन् मंग तिच्या दारात त्या संस्थेची गाडी. बॅनर, दोन साड्या, कॅमेरा, आन् माइकवर त्या पाहुण्यानं वाचून दाखवलं की या घरातल्या कर्त्या माणसाले मनाचा आजार आहे आन् ही माउली एकटी झुंजून राह्यली. अख्खा गाव गोळा. त्या पाहुण्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आठव्या दिवशी पोरीची सोयरीक मोडली.

कौसल्याबाई साड्या घेऊन तुह्याकडं आली. ओरडली नाही. टेबलावर साड्या ठेवल्या आन् म्हणे, "बाई, तुमी कबूल इचारलं होतं ना मले?" एवढंच बोलली आन् गेली. तू माह्याकडं वळली. "दीपू, तुनं दिली?" मी खाली पाहिलं.

तुनं मले मारलं असतं तं बरं झालं असतं. तुनं भिंतीवरचं पान काढलं आन् सहाव्या कलमावर बोट ठेवून मले म्हटलं, "माहिती बाहेर गेली तं आम्ही स्वतः येऊन सांगू, असं तुनंच लिहिलं आहे." पान घडी करून पर्समध्ये घातलं आन् दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तू निघाली. चौसष्ट घरं. बस जाये तिथवर बसनं, पुढं पायी. चप्पल तुटली तं मन्सूरभाईनं टायरच्या रबराचा तुकडा लावून दिला, तेच घालून फिरली. कोणी सांगितलं होतं तुले? सरकार विचारणार होतं? ते उचललेलं पान होतं, ताई! दोन तासांत उचललेलं! जगात ते पान खरं मानणारी तू एकटी होती. इथं लाखो रुपयांच्या साइटी हातातून जातात, माहिती फुटली तं लपवा कशी याच्या बैठका होतात, आन् मले तू दिसते, वावराच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं चाललेली. मले तुहा अभिमान वाटते. हे मी तुह्या तोंडावर कधी म्हटलं नाही, आता म्हणतो.

अजून एक राह्यलं. पुण्याची ही नोकरी मले त्या संस्थेच्या साहेबानंच लावून दिली. यादी दिली त्याच दिवशी त्यानं शब्द दिला होता. 'चांगल्यासाठी' दिली असं म्हटलं ना मी? थोडं चांगल्यासाठी, बाकी यासाठी.

तू विसाव्या घरी असशीन नसशीन, तेव्हा मी पुण्याच्या गाडीत बसलो. चौसष्ट घरी तू माहं नाव सांगितलं असन, सांगाच पाहिजे होतं. म्हणूनच मी चार वर्षांत नेरले पाय ठेवला नाही. आई गेली तेव्हा सुट्टी भेटली नाही, असं मी कळवलं. सुट्टी भेटली होती. शिवाजीनगरच्या स्टँडवर यवतमाळच्या गाडीशी तिकीट घेऊन उभा होतो. मंग डोळ्यासमोर ते लोक आले, मयतीले आलेले, माह्याकडं पाहून राह्यलेले. गाडी निघून गेली. तिकीट अजून पाकिटात आहे.

दीपू


पुणे, ४ नोव्हेंबर २०१२

प्रति,
गोपनीयता अधिकारी,
कापूसघर, बसस्टँडसमोर, नेर.

विषय : कलम चारप्रमाणे अर्ज.

महोदया,

आपल्या गोपनीयता धोरणाच्या चौथ्या कलमात लिहिले आहे की, कोणत्याही व्यक्तीने विचारल्यास तिच्याविषयी आपल्याकडे काय माहिती आहे आणि ती कोणाकोणाला दिली आहे, हे सात दिवसांत लेखी कळवले जाईल. मी सन २००७-०८ मध्ये आपल्याकडे होतो. तरी माझ्याविषयी आपल्याकडे असलेली माहिती आणि ती ज्यांना दिली त्यांची नावे कळवावीत, ही विनंती.

ताई, भावाले तू उत्तर देत नाही, ठीक आहे. पण अर्जाले तुले द्या लागन. कोणाकोणाले माहीत आहे तेवढं सांग. तेवढ्या नजरा झेलता येत असतीन तं मी २५ तारखेले येतो. नाही तं नाही येत, आन् पुन्हा लिहून तुले तरास देणार नाही.

आपला विश्वासू,
धम्मदीप उकंडा मुनेश्वर


नेर, १२ नोव्हेंबर २०१२

श्री. धम्मदीप उकंडा मुनेश्वर यांस,

आपला अर्ज दि. ७ रोजी मिळाला. कलम चारप्रमाणे मुदतीत उत्तर देत आहे.

आपल्याविषयी आमच्याकडे पुढील माहिती आहे. आपण दि. २२ ऑक्टोबर २००८ रोजी चौसष्ट घरांची माहिती त्यांना न विचारता बाहेर दिली. त्या बदल्यात आपणांस नोकरी मिळाली. हे दुसरे आम्हाला तेव्हाच समजले होते, आपण आत्ता कळवले. आपल्याला कमी तिखटाचे वांगे आवडते. आपला एक निळा स्वेटर, शाळेचे दाखले आणि 'गाठ सोडा' हे बटण आमच्याकडे आहे. बटण अजून चालते. आपण आमच्या साइटवर येता की नाही, याची नोंद आम्ही ठेवत नाही, त्यामुळे ते सांगता येत नाही.

ही माहिती आजपर्यंत कोणालाही दिलेली नाही.

दीपू, नीट वाच. कोणालेच नाही. चौसष्ट घरी मी म्हटलं, आमच्याकडून गेली, अधिकारी मी आहे, बोल लावायचा तो मले लावा. कोणी लावला, कोणी चहा पाजला. पंचेचाळिसाव्या घरी एका म्हातारीनं दारच लावून घेतलं. कौसल्याबाई एक वर्ष माह्याशी बोलली नाही. मन्सूरभाईनं दोनदा विचारलं, दीपू काहून येत नाही? मी म्हटलं, ते त्याले विचारा.

आईलेही सांगितलं नाही. तुह्या नोकरीचे पेढे तिनं बसस्टँडपर्यंत वाटले. शेवटच्या आठवड्यात रोज विचारे, दीपू कधी येते. मी म्हणे, सुट्टी नाही भेटली त्याले. आन् मंग तुहंही तेच पत्र आलं. ज्या लोकायले भिऊन तू गाडी सोडली, त्यायच्यातल्या एकालेही काही माहीत नव्हतं. ते तुही वाट पाहत होते. हे मले तुले चार वर्षं सांगायचं नव्हतं, कारण मले तुहा राग होता. अजून आहे. पण अर्ज केला, तं सांगा लागते.

तू मागच्या पत्रात माही लय तारीफ केली. एवढी नोको करू. पान तुनं लिहिलं होतं. मी फक्त वाचलं.

कौसल्याबाईच्या पोरीचं लग्न मागच्या उन्हाळ्यात झालं, घाटंजीकडं. तिचा बाप स्वतः मांडवात उभा राहून वाढून राह्यलाता. कौसल्याबाई आता दर बुधवारी येते, नव्या बायाइले पान तीच वाचून दाखवते, माह्यापेक्षा खणखणीत. तिनं मले कधीच विचारलं नाही की देणारा कोण होता. ते तिले माह्याकडून कळणार नाही. तुह्या तोंडानं कळलं तं कळन. कलम सहा : आम्ही स्वतः येऊन सांगू.

भिंतीवरच्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. साहेबाले दाखव.

कलम सातप्रमाणे आपली माहिती पुसून टाकायची असल्यास अर्जदाराले स्वतः यावं लागते, पोस्टानं होत नाही. हे तुह्या पानात नव्हतं, आज दुपारी मी टाकलं. वेळ चार ते पाच. २५ तारखेले रविवार आहे, पण मी उघडून बसते. कौसल्याबाईलेही बोलावलं आहे. यवतमाळची गाडी पकड, तिथून नेरची बस मन्सूरभाईच्या दुकानासमोरच थांबते.

गोपनीयता अधिकारी,
जया मुनेश्वर